म्हणे अमेरिकेला खाद्यसंस्कृती नाही!

टेक्सासमधल्या कुठल्याही मराठी पॉटलकला जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अमेरिकेला खाद्यसंस्कृतीच नाही हो! बर्गर आणि फ्राइज, संपलं." बोलणारे साहेब डॅलसहून सॅन अँटोनिओला गाडी काढतात, आय-३५ वरून सुसाट. थांबतात कुठे? तर एक्झिटला, गॅस स्टेशनशेजारच्या चेन रेस्टॉरंटमध्ये. म्हणजे एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये बर्गर खायचा आणि मराठी जेवणावर मत द्यायचं, त्यातलाच प्रकार!

मंडळी, जरा वाट वाकडी करा. ऑस्टिनच्या दक्षिणेला साधारण ३० मैलांवर लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे. १९९९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून त्याला 'टेक्सासची बार्बेक्यू राजधानी' म्हटलं. तिथलं क्राइट्स मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ सालचं. मध्य टेक्सासमधली अशी बरीच ठिकाणं मुळात जर्मन आणि चेक लोकांनी काढलेली मांसाची दुकानं. न खपलेलं मांस धुरावर शिजवून विकायचं, आणि कापूस वेचायला आलेले मजूर ते कागदावर घेऊन हातानेच खायचे. ती कागदावर वाढायची पद्धत अजून टिकून आहे. ही संस्कृती नाही तर काय आहे?

"पण मसालाच नसतो त्यात!" अहो, पोपटीतल्या वालाच्या शेंगांना मीठ-ओव्यापलीकडे काय लागतं? ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचं चिवट मांस. त्याला मीठ-मिरी चोळायची आणि ओकच्या लाकडाच्या मंद धुरावर बारा-चौदा तास ठेवायचं, तेव्हा कुठे ते मऊ पडतं. आपण दुपारी जेवायला बसतो, त्यासाठी कोणीतरी रात्रभर विस्तवापाशी जागलेलं असतं.

बीफ खात नाही? नका खाऊ. टर्की असते, पोर्क रिब्ज असतात. शाकाहारी असाल तर बीन्ससुद्धा विचारून घ्या, त्यात बरेचदा मांस असतं. काहीच जमलं नाही तर डब्यातले ठेपले खा, कोण अडवतंय? पण मग निकाल तरी देऊ नका.

ऑफिसात एखादा गोरा "इंडियन फूड म्हणजे करी ना?" म्हणाला की आपलं डोकं फिरतं. लगेच त्याला कोल्हापूर, मालवण, वऱ्हाड सगळं ऐकवतो. आणि त्याच्या गावाबद्दल बोलताना आपण नेमकं तेच करतो.

असो. पुढच्या लाँग वीकेंडला एक एक्झिट आधी घ्या. मग काय शिव्या द्यायच्यात त्या खुशाल द्या, निदान खाऊन तरी दिलेल्या असतील!