जुन्या गाडीचे शहाणपण, नव्या गाडीचे नुकसान

मोटार बाळगणाऱ्याला सल्ल्याची वाण कधी पडत नाही. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, पेट्रोल वाचते. सकाळी इंजिन पाच-दहा मिनिटे तापवल्याशिवाय गाडी हलवू नये. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी. कूलंटवर पैसे घालवण्यापेक्षा रेडिएटरमध्ये पाणी ओतावे. गाडी फारशी फिरली नसेल तर ऑइल बदलू नये. सोसायटीच्या आवारात, पेट्रोलपंपावर आणि गॅरेजात हे नियम सारख्याच खात्रीने सांगितले जातात.

या नियमांच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. ज्यांनी तीस-तीस वर्षे गाड्या चालवल्या किंवा दुरुस्त केल्या, त्यांच्या अनुभवातून हे नियम आले आहेत. उलट गाडीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका कंपनीने लिहिलेली. तिचा हेतू सुटे भाग आणि सर्व्हिसिंग खपवण्याचा. मग पुस्तकावर विश्वास ठेवायचा की अनुभवावर, असा सवाल केला जातो. अनुभव खरा आहे, हे आधीच मान्य करायला हवे. तो कोणत्या यंत्राचा, एवढेच तपासायचे उरते. या नियमांपैकी बहुतेक अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात रास्त होते. यंत्र बदलले, नियम तसेच राहिले.

न्यूट्रलचा नियम पाहू. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल हवेच्या ओढीने खेचले जाई. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी चाकांनी फिरवलेले इंजिन पेट्रोल ओढतच राही. त्यामुळे गिअर काढला की इंजिनाचे फेरे कमी होऊन थोडी बचत होई. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि प्रवासी मोटारींत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. या इंजिनात पेट्रोल किती सोडायचे हे संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि चाकेच इंजिन फिरवत आहेत, असे दिसताच तो इंजेक्टर बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो आणि ते चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे वेग आवरावा लागतो अशा उतारावर न्यूट्रलने बचत होत नाही, उलट खर्च होतो.

खर्च किरकोळ आहे, धोका तसा नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिनच तिला मागे ओढते. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत असते. डॉट-४ दर्जाचे कोरे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, तर पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाऊनही ब्रेक लागत नाही. त्यातही कोणी बचतीच्या नादात चावीच बंद केली, तर ब्रेकला मिळणारा जोर संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि चावी काढून घेतली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते.

इंजिन तापवण्याच्या नियमालाही असाच जुना आधार आहे. चोक ओढून चालू केलेले कार्ब्युरेटरचे इंजिन थंड असताना अडखळे, आणि त्या काळचे ऑइल गारव्यात घट्ट होई. आजच्या ५डब्ल्यू-३० सारख्या ऑइलची पहिली संख्या ते थंडीत किती सहज वाहते हेच सांगते. मिश्रणाचे प्रमाणही सेन्सरच्या माहितीवरून जागच्या जागी सुधारले जाते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात अर्धा-एक मिनिट पुरतो. त्यानंतर पहिले काही किलोमीटर रेस न करता गाडी चालवावी. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचे इंजिन लवकर तापते. टर्बो इंजिनाबाबत तर काळजीची वेळ उलटी आहे. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. महामार्गावर जोरात चालवून आल्याबरोबर इंजिन बंद केले, तर तिच्याभोवतीचे ऑइल वाहायचे थांबते आणि जागेवरच जळते. म्हणून अशा गाड्यांच्या पुस्तिकांत बंद करण्यापूर्वी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायला सांगितलेले असते.

टायरच्या बाबतीत अर्धे सत्य पूर्ण सत्य म्हणून चालते. तापल्यावर हवेचा दाब वाढतो, हे खरे. त्यावरून हवा कमी भरावी असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो आणि धावताना होणारी वाढ त्यात आधीच धरलेली असते. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, त्या दुमडण्यानेच उष्णता निर्माण होते आणि आतले थर सुटू लागतात. नागपूर ते मुंबई अशा ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारी तासन्तास एकाच वेगाने धावतात. तिथे टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाला टायर तपासण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो. नायट्रोजनचेही फार कौतुक नको; साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलावा. निर्मितीचा आठवडा आणि वर्ष टायरवरच चार अंकी संख्येत असते. ‘१४२२’ म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा.

रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतण्याचे समर्थन असे केले जाते की, इथे बर्फ पडत नाही, मग गोठणरोधक द्रव कशाला? पण गोठणे टाळणे हे कूलंटचे एकच काम नव्हे. त्यातील ग्लायकोल उत्कलनबिंदू वर नेते आणि त्यातील रसायने गंज रोखतात. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाने पाणी बरीच वर्षे सोसले. आजच्या ॲल्युमिनियमच्या भागांना आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांना क्षार आणि गंज लवकर बाधतात. वाटेत अडचण आली तर पाणी घालून गॅरेज गाठावे, पण मग योग्य मिश्रण भरून घ्यावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

सर्वांत महाग पडणारी समजूत पावसाळ्यातली आहे. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की चालक सेल्फ मारत राहतो. जुन्या पेट्रोल गाडीत डिस्ट्रिब्युटर भिजून ठिणगी बंद होई; तो पुसून पुन्हा चालू केली की गाडी निघे. आजच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नाही. खोल पाण्यात इंजिन थांबले, तर हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याची शक्यता धरावी लागते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मोटारीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात असे नुकसान सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोडकलमे वेगळी घ्यावी लागतात, आणि त्यांच्या अटीही वाचाव्या लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बंद काचांच्या मोटारींत अडकून माणसे दगावली. म्हणून पाणी चढू लागले की आधी माणसांनी बाहेर पडावे आणि गाडी टो करून न्यावी.

राहिला ऑइलचा प्रश्न. ऑइल काळे झाले म्हणजे ते संपले असे नाही. डिझेल गाडीत ते लवकरच काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. उलट गाडी उभी राहिली म्हणजे ऑइल ताजे राहते असेही नाही. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही आणि ऑइलमध्ये पाण्याचा व इंधनाचा अंश साचतो. म्हणूनच सर्व्हिसिंगची मुदत किलोमीटर आणि महिने अशी दुहेरी लिहिलेली असते आणि जे आधी पुरे होईल ते धरायचे असते.

मग माहितीपुस्तिका कंपनीच्या फायद्याची, या आक्षेपाचे काय? तो सर्व्हिस सेंटरला बराच लागू पडतो, पुस्तिकेला फार कमी. इंजिन फ्लशिंग, इंधनात घालायची द्रव्ये, वेळेआधी बदललेले ब्रेक पॅड, अशा बिलावर चढणाऱ्या अनेक बाबी पुस्तिकेच्या तक्त्यात नसतात. तो तक्ता समोर धरून ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारणारा मालक गल्लीतल्या ऐकीव सल्ल्यापासून वाचतो, तसाच शोरूमच्या वाढीव बिलापासूनही.

पुस्तिकेलाही मर्यादा आहेत. २०२३ पासून पंपांवर टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिका त्याचा विचार करून लिहिलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज काहीसे घटते. जुन्या गाडीच्या इंधननळ्या आणि रबरी भाग मेकॅनिककडून पाहून घ्यावे लागतात. सस्पेन्शनचा खडखडाट, क्लचचा वास, बेअरिंगची घरघर ओळखणारा मिस्त्रीचा कानही कोणत्या पुस्तकात सापडत नाही. दोष ओळखण्यात अनुभव श्रेष्ठ आहे. निगा कशी आणि केव्हा घ्यावी, हे मात्र त्या गाडीच्या रचनेवर ठरते.

तेव्हा नियम इतकाच उरतो. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी थंड टायरचा दाब मोजावा, इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ब्रेक ऑइल आणि कूलंट पुस्तिकेतल्या मुदतीने बदलावे, नुसते भरत राहू नये. केलेल्या कामाची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावे. आणि कोणताही सल्ला मिळाला की तो कोणत्या काळच्या इंजिनासाठी आहे, हे विचारल्याशिवाय तो आपल्या गाडीवर वापरू नये.