पोलादाचा राग सफरचंदावर

चंदिगडहून सिमल्याकडे निघाले की वाटेत हरियाणातले पिंजौर लागते. प्रवाशांना ते मोगल बागेमुळे ठाऊक असते, हिमाचलच्या बागायतदारांना मात्र सफरचंदांच्या मंडीमुळे. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना येथेच होता. २०१६ मध्ये सरकारने तो बंद करायचे ठरवले आणि पुढे त्याच्या काही जमिनीवर ही मंडी आली.

या मंडीतला भाव केवळ पाऊस आणि थंडीवर ठरत नाही. त्यात वॉशिंग्टन आणि दिल्लीचाही हात असतो. २०१८ मध्ये अमेरिकेने परदेशी पोलादावर २५ टक्के आणि अॅल्युमिनियमवर १० टक्के जादा कर लादला. कारण दिले राष्ट्रीय सुरक्षेचे! जून २०१९ मध्ये भारताने उत्तर दिले ते अमेरिकन सफरचंद, बदाम, अक्रोड आणि डाळींवर कर वाढवून. सफरचंदावरचा कर ५० टक्क्यांवरून ७० टक्के झाला. वड्याचे तेल वांग्यावर काढतात ते असे.

हिमाचल आणि काश्मीरचे बागायतदार सुखावले. पण व्यापारी थोडेच गप्प बसणार? अमेरिकेची जागा तुर्कस्तान आणि इराणच्या फळांनी घेतली. पुढे जून २०२३ मध्ये दोन्ही सरकारांची दिलजमाई झाली. भारतीय पोलादाला काही सवलत मिळाली आणि सप्टेंबरमध्ये सफरचंदावरचा २० टक्के जादा कर उठला. मूळचा ५० टक्के कर कायम आहे, असे सरकारने समजावले, तरी हिमाचलमध्ये नाराजी उमटलीच. पोलादाच्या सौद्यात आपले फळ का, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

मग जागतिक व्यापार संघटना कशासाठी आहे? तिच्या तज्ज्ञांनी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेचे हे कर नियमबाह्य ठरवले. अमेरिकेने तो निकाल सरळ धुडकावला. अपील ऐकणारे मंडळ तर तिनेच नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ठप्प झाले होते. बळी तो कान पिळी, दुसरे काय!

पण केवळ अमेरिकेला दोष देऊन चालणार नाही. निवडणुकीच्या तोंडावर, डिसेंबर २०२३ मध्ये, आपल्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शहरातल्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळाला, पण नाशिकच्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले आणि आपल्या कांद्यावर विसंबलेले बांगलादेशासारखे शेजारीही अडचणीत आले.

प्रत्येक देश आपला स्वार्थ पाहणारच. मात्र या स्वार्थाचे ओझे कोणावर पडते, हेही पाहिले पाहिजे. कारखानदाराची संघटना दिल्लीत असते, बागायतदार डोंगरात. सफरचंदाचे झाड लावल्यावर फळाला कित्येक वर्षे लागतात, तर करांची अधिसूचना एका रात्रीत निघते. म्हणून असे निर्णय हंगामापूर्वी पुरेशी सूचना देऊन व्हावेत आणि देशाच्या सौद्यात ज्याचे नुकसान होईल त्याला देशाच्याच तिजोरीतून भरपाई मिळावी.