माणुसकीची वर्गणी, शासनाची थकबाकी

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्यात आता नित्याची झालेली ही हकिकत आहे. पहाटे दूध घालायला निघालेला किंवा रात्रपाळी आटोपून घरी परतणारा तरुण मोटारसायकलवरून जात असता ट्रकच्या धडकेत सापडतो. डोक्याला मार लागलेला असतो, मांडीचे हाड मोडलेले असते. ग्रामीण रुग्णालयातून त्याला जिल्ह्याच्या गावी आणि तेथून मोठ्या शहरातील खाजगी इस्पितळात हलविले जाते. अतिदक्षता विभागाचे बिल दिवसागणिक वाढू लागते. प्रथम घरातील रोकड संपते, मग दुभते जनावर विकले जाते, मग मंगळसूत्र गहाण पडते. चौथ्या-पाचव्या दिवशी गाव वर्गणीला निघते. गणेश मंडळाची शिल्लक, शाळेतील शिक्षकांचा एक दिवसाचा पगार, वडाप चालविणाऱ्यांनी जमविलेल्या शंभर-शंभरच्या नोटा, मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी भ्रमणध्वनीवरून पाठविलेले पैसे अशी पै-पै गोळा होऊन इस्पितळाच्या खिडकीवर भरली जाते.

या वर्गणीची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याचे स्वतःचे हातावर पोट आहे असा मनुष्य शेजाऱ्याच्या मुलासाठी एका दिवसाची मजुरी काढून देतो, तेव्हा तो कोणावर उपकार करीत नसतो. आज त्याच्यावर आलेला प्रसंग उद्या आपल्यावर येईल, ही जाणीव त्यामागे असते. जातीपातींत आणि गटातटांत विभागलेले गावही अशा वेळी काही दिवसांपुरते एक होते. समाजाच्या ठायी ही ओल शिल्लक आहे म्हणूनच अनेकांचे प्राण वाचतात. प्रश्न देणाऱ्यांच्या वृत्तीचा नाही. अपघाती माणसाचे जगणे अथवा मरणे अशा वर्गणीवर अवलंबून राहावे काय, हा आहे.

वर्गणी गरजेप्रमाणे जमत नाही, ओळखीप्रमाणे जमते. ज्याचा गोतावळा मोठा, ज्याचा भाऊ नोकरीत, ज्याच्या मागे मंडळ किंवा पुढारी उभा, त्याच्यासाठी आठ दिवसांत लाखो रुपये उभे राहू शकतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या आणि ट्रॅक्टरवरून पडलेल्या मजूर स्त्रीसाठी कोण फिरणार? बिहारमधून आलेला बांधकाम मजूर ज्या वस्तीत राहतो, तेथे त्याला पुरते ओळखणारी माणसेही दहा-पाच असतात. इंटरनेटवरून निधी गोळा करण्याची नवी साधने आली, तरी हा भेद मिटलेला नाही. तेथेही ज्याची कहाणी अधिक हृदयद्रावक, ज्याचे छायाचित्र अधिक करुण आणि ज्याच्या बाजूने लिहिणारा शिकलेला, त्याचीच झोळी भरते. नळ्या लावलेल्या, बेशुद्ध पडलेल्या माणसाचे छायाचित्र हजारो अनोळखी लोकांपुढे ठेवावे लागते. आपल्या दुःखाचे प्रदर्शन मांडल्यावाचून उपचार मिळू नयेत, ही अवस्था सुसंस्कृत समाजाला शोभणारी नव्हे.

वर्गणीला काळाचीही मर्यादा असते. गावाची सहानुभूती पहिल्या पंधरवड्यात उचंबळते, नंतर ती स्वाभाविकपणेच ओसरते. अपघाताचा खर्च मात्र रुग्ण घरी आल्यावर संपत नाही. हाडात घातलेली सळई काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया, महिनोनमहिने चालणारे व्यायामोपचार, कृत्रिम पाय, बुडालेली मजुरी आणि शुश्रूषेसाठी घरी बसलेल्या पत्नीचाही बुडालेला रोज, या साऱ्यांसाठी दुसऱ्यांदा पेटी फिरत नाही. त्या वेळी कुटुंबाला सावकाराचे किंवा वसुलीची माणसे दारात उभी करणाऱ्या कर्जकंपन्यांचे दार ठोठवावे लागते.

हे संकट अपवादात्मक असते, तर समाजाच्या औदार्यावर भिस्त ठेवता आली असती. परंतु २०२२ या एकाच वर्षी देशात ४ लाख ६१ हजारांवर रस्ते अपघातांची नोंद झाली. त्यांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि ४ लाख ४३ हजारांवर जखमी झाली. इतक्या माणसांसाठी इतक्या पेट्या फिरविणे कोणत्याही समाजाला शक्य नाही. भोर समितीने १९४६ सालीच असे तत्त्व मांडले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय उपचारांना मुकता कामा नये. त्यानंतर पाऊणशे वर्षे उलटल्यावरही, २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट आपल्या खिशातून भरली. सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन दिले होते. या दोन आकड्यांमधील अंतर ही शासनाची थकबाकी आहे, आणि गावोगावची वर्गणी ती फेडीत आहे.

कायदे नाहीत असेही नाही. अपघातग्रस्तावर पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता तातडीने उपचार करणे हे सरकारी आणि खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. १९९२ साली पश्चिम बंगाल खेतमजूर समितीचा एक सभासद रेल्वेगाडीतून पडून डोक्याला गंभीर इजा होऊन जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाकारली आणि अखेरीस खाजगी इस्पितळात त्याला सुमारे १७ हजार रुपये खर्चावे लागले. त्याची संघटना त्याच्यासाठी वर्गणी गोळा करून थांबली नाही, ती न्यायालयात गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेळेवर उपचार न देणे हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भंग आहे आणि पैशाच्या तुटवड्याची सबब शासनाला सांगता येणार नाही. त्या मजुराला २५ हजार रुपयांची भरपाई मिळालीच, परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्याच्यासारख्या प्रत्येकाच्या हाती एक हक्क आला.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. ज्या कायद्यान्वये ती आली, तो २०१९ सालीच दुरुस्त झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये खडसावले नसते, तर ती अजून किती काळ रेंगाळली असती कोण जाणे. ही योजना स्वागतार्ह आहे. पण तिची मर्यादा दीड लाख रुपये आणि सात दिवस एवढीच आहे. मेंदूला मार लागलेला माणूस सात दिवसांत अनेकदा शुद्धीवरही आलेला नसतो. धडक देऊन वाहन पळून गेले, तर गंभीर जखमीला मिळणारी भरपाई २०२२ पासून ५० हजार रुपये झाली, तत्पूर्वी ती अवघी साडेबारा हजार होती. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या आरोग्य योजनेची व्याप्ती सर्व कुटुंबांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. परंतु योजनेत सहभागी असलेले रुग्णालय जवळ नसेल किंवा हवा तो उपचार यादीत नसेल, तर त्या पाच लाखांचा आधार कागदावरच राहतो.

धर्मादाय इस्पितळांचा प्रश्न याहून गंभीर आहे. सवलती घेऊन उभ्या राहिलेल्या या संस्थांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, तसेच एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. ती आजही लागू आहे. मात्र आपण धर्मादाय इस्पितळाच्या दारात उभे आहोत, हेच पुष्कळदा नातलगांना ठाऊक नसते. ज्या संस्थेने गरिबाला विनामूल्य खाट देणे बंधनकारक आहे, तिचीच अनामत भरण्यासाठी गाव पेटी घेऊन फिरत असेल, तर ती वर्गणी गरिबाच्या नव्हे, संस्थेच्या पदरात पडते.

लोकवर्गणीचे सामर्थ्य वेगळ्या वाटेनेही नेता येते, याचा दाखला दल्ली राजहरा येथे आहे. लोहखाणीतील कंत्राटी मजुरांच्या संघटनेची एक कार्यकर्ती प्रसूतीच्या वेळी उपचारांअभावी दगावली. त्यानंतर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील मजुरांनी स्वतःच्या पैशाने आणि श्रमाने १९८३ साली शहीद रुग्णालय उभे केले. दक्षिण वेल्समधील ट्रेडेगार येथे खाणकामगार आणि पोलादकामगार मजुरीतून नियमित वर्गणी देऊन सर्व कुटुंबांच्या उपचारांची व्यवस्था चालवीत. त्याच गावच्या अन्यूरिन बेव्हन या एकेकाळच्या खाणकामगाराने ब्रिटनचा आरोग्यमंत्री या नात्याने १९४८ साली ती कल्पना संपूर्ण राष्ट्राला लागू केली. एका व्यक्तीसाठी एकदा जमविलेला निधी तिच्याबरोबर संपतो. सर्वांसाठी नियमित जमविलेला निधी संस्था होतो, आणि ती संस्था सार्वत्रिक झाली की त्या वर्गणीलाच कर आणि उपचारांना हक्क म्हणतात.

म्हणून गावाने वर्गणी थांबवू नये. जखमीला धोरण बदलेपर्यंत वाट पाहावयास सांगणे हा क्रूरपणा होईल. मात्र पेटीबरोबर एक वहीही फिरावी. जमा-खर्च त्यात मांडला जावा. इस्पितळ धर्मादाय आहे काय, विनारोकड योजनेसाठी मागणी केली काय, मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा दाखल झाला काय, याची नोंदही त्यात असावी. रुग्ण घरी आल्यावरही सहा महिने तरी त्या कुटुंबाकडे फेरी व्हावी. आणि ती वही ग्रामसभेत वाचली जावी. गावाने वर्षभरात किती जणांसाठी किती रक्कम भरली आणि त्यातील किती शासनाने भरावयास हवी होती, हे आकड्यांत समोर आले म्हणजे मत मागायला येणाऱ्या उमेदवारापुढे ठेवण्यास एक हिशेब तयार होईल. गरिबांनी गरिबांसाठी दिलेला प्रत्येक रुपया हा शासनाकडून येणे आहे, आणि येणे असेल तर ते मागितलेच पाहिजे.