भंगार म्हणण्याआधी जरा थांबा!

"जुनं ते सोनं" ही म्हण आपण शाळेत निबंधात लिहितो, मार्क घेतो आणि घरी येऊन जुनी वस्तू भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकतो. गाड्यांच्या बाबतीत तर विचारूच नका! आपल्या होस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जा, भिंतीवर एखादी गाडी चिकटवलेली असतेच. मोबाईलवर रोज रात्री कुणीतरी गंजलेली गाडी साठ सेकंदांत चकाचक करून दाखवत असतो. आपण बघतो, "भारी!" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी थर्मलच्या लेक्चरला झोपतो. हो ना?

तर मित्रमैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत असं आहे की जुनी पिकअप घरच्या घरी पुन्हा उभी करणं यासारखं प्रॅक्टिकल आपल्या अख्ख्या सिलॅबसमध्ये नाही. मात्र त्यात आधी दुरुस्ती आणि मग नटवणं, हा क्रम पाळलाच पाहिजे. आपल्याकडे नेमका तो उलटा असतो. आधी एलईडीची पट्टी, मोठे टायर, कर्कश हॉर्न... आणि ब्रेक? ते बघू नंतर!

आता पिकअपच का? मालाची गाडी म्हणून आपण तिला कमी लेखतो, पण तिचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशी बांधलेला आहे. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. १९८८ मध्ये टेल्कोने (२००३ पासून टाटा मोटर्स) पुण्यात बनवलेली टाटामोबाईल २०६ ही पिकअप आणली. त्याच पिकअपच्या पायावर पुढे १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट आली. म्हणजे ज्या सिएराच्या नावाने आज लोक हळवे होतात, तिची आई एक मालवाहू गाडी होती!

दुसरं कारण तांत्रिक आहे. जुन्या पिकअपची चासी शिडीसारखी असते. केबिन वेगळी, मागचा हौदा वेगळा, दोन्ही बोल्टने बसवलेले. हौदा उतरवला तरी गाडी गाडीच राहते. बोनेट उघडलं की इंजिनच्या बाजूने खालची जमीन दिसते, म्हणजे हात घालायला जागाच जागा! डिझेल पंप मेकॅनिकल, कॉम्प्युटर कुठेही नाही. कुठल्या सिलिंडरची ताकद पडत नाही ते एकेका नोझलचा पाईप ढिला करून नुसत्या आवाजावरून कळतं. आपल्या पुस्तकातलं प्रत्येक चॅप्टर तिथे लोखंडात उभं असतं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आमच्या घरी फलटणला १९९४ सालची एक डिझेल पिकअप आहे. आजोबांनी तिच्यातून वीसेक वर्षं डाळिंबं आणि खताची पोती वाहिली. आजोबा गेल्यावर ती शेडमध्ये उभी राहिली आणि पप्पांनी भंगारवाल्याला बोलावलं. मी मध्ये पडले. "दोन मे महिने द्या, मग काय ते ठरवा," असं म्हटलं. पप्पा म्हणाले, "मुलगी इंजिनीअर होतेय का फिटर?" मी म्हटलं, "दोन्ही!"

दोन मे महिने झाले. इंजिन चालू आहे, ब्रेक नवे झालेत, हौदा निम्मा व्हायचाय. आणि मला जे कळलं ते असं.

पहिली गोष्ट, गंज म्हणजे म्हातारपण नव्हे. केबिनचा पत्रा बऱ्यापैकी शाबूत होता, पण हौद्याची फळी मात्र चाळण झालेली. असं का? तर पोत्यांमध्ये पोटॅश असायचं. शेतकरी ज्याला लाल पोटॅश म्हणतात ते म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. क्लोराईड आणि ओलावा एकत्र आले की लोखंडाचं काय होतं ते आपण फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. हौदा धुवायची सवय असती तर तो आणखी दहा वर्षं टिकला असता. म्हणून गंजावर लांबी भरून रंग मारणं म्हणजे दुखऱ्या दातावर पावडर लावणं. सडलेला पत्रा कापा, नवा वेल्ड करा, रेड ऑक्साईड मारा, मग लांबी, मग रंग. बाजारात जुन्या गाड्या विकताना जी चमक दाखवतात, तिच्याखाली काय आहे ते एक साधं लोहचुंबक सांगतं. जाड लांबीवर ते चिकटत नाही!

दुसरी गोष्ट, वायरिंग. जुन्या गाडीचे दिवे मिणमिणतात म्हणून लोक थेट जास्त वॅटचे बल्ब टाकतात. जरा ओहमबाबांना आठवा. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर ओढतात. जुने स्विच, गंजलेले जोड आणि खराब अर्थिंग मिळून ०.२ ओहम रोध जरी झाला तरी पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्च. फिलामेंट बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घातांकाने बदलतो. म्हणजे १२ च्या जागी सव्वादहा व्होल्ट पोचले की चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड गायब! उपाय काय? एक रिले, एक फ्यूज, जाड वायर आणि घासून साफ केलेलं अर्थिंग. त्याच जुन्या बल्बमध्ये रात्रीचा रस्ता दिसायला लागतो. उलट जास्त वॅटचा बल्ब टाकला की करंट वाढतो, जोड तापतात आणि वायर वितळायची वेळ येते.

तिसरी गोष्ट म्हणजे मोठे टायर, आपल्या पोरांचा फेव्हरिट विषय! टायरचा व्यास दहा टक्के वाढवला की ब्रेकचा टॉर्क तोच, पण त्रिज्या वाढलेली. म्हणजे रस्त्यावर मिळणारं ब्रेकचं बल सुमारे नऊ टक्क्यांनी कमी. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. वर पाटे उंच करून गाडी उचलली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर उलटायला ती आधी तयार होते. हे सगळं अप्लाइड मेकॅनिक्समध्ये आहे. तिथे आपण सोडवून मोकळे होतो, इथे त्या गणितात आपणच बसलेले असतो.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की ज्यामुळे आरसीवरची माहिती कंपनीने मूळ दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगीत न बसणारा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय पिकअप ही मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. गाडीच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'वरसुद्धा महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली!

मग कस्टमाइज करायचं तरी काय? भरपूर आहे की! सीटची नवी गादी, हौद्याला लाकडी फळ्या, अवजारांची पेटी, ताडपत्री बांधायचे हूक, डॅशबोर्डवर ऑईल प्रेशर आणि तापमानाचे खरेखुरे मीटर. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून बदला. माझा नियम साधा आहे. जो बदल एका दिवसात, पाना वापरून, खूण न ठेवता परत काढता येतो, तो बिनधास्त करा. ज्यासाठी चासीला कटर लावावा लागतो, तो करू नका.

आणि 'घरच्या घरी' म्हणजे सगळं घरी, असं नव्हे. खोलणं, प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावणं, गंज काढणं, वायरिंग, रबरी बुश हे घरी. पण डिझेल पंप आणि नोझलचं काम पंपवाल्याकडेच, क्रँक आणि हेड मशीन शॉपमध्येच. ब्रेक घरी खोलले तरी कप आणि ऑईल नवंच टाका (ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं, मग ते जास्त तापलं की आत वाफ होते आणि पेडल खाली जातं), आणि रस्त्यावर काढायच्या आधी जाणत्या माणसाला दाखवा. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट. रुमाल बांधून भागत नाही. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, म्हणजे कधीही शिरू नका. खाली घोडी लावा. रिकाम्या टाकीवर वेल्डिंग नको. रिकामी दिसते तिच्यातच वाफ असते.

इथे मला आमच्या गॅरेजवाल्या मामांबद्दल बोललंच पाहिजे. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी तसं पातळ. लीफ स्प्रिंगला पाटे म्हणतात आणि पुट्टीला लांबी, हे मला मामांनी शिकवलं. मी त्यांना ०.२ ओहमचं गणित समजावलं, तर ते हसून म्हणाले, "ताई, आम्ही अर्थिंगला हात लावून बघतो, गरम लागलं की कळतं!" दोघांचं उत्तर एकच. पण एका उत्तराला डिग्री मिळते आणि दुसऱ्याला "अरे ए मिस्त्री" अशी हाक मिळते. हे मला पटत नाही. त्यांच्याजवळ तीस वर्षांचं ज्ञान आहे, ते कुठल्याच पुस्तकात नाही आणि त्यांचा मुलगा गॅरेजमध्ये यायला तयार नाही. जुन्या गाड्यांबरोबर ते ज्ञानही भंगारात जाणार आहे. मला खरी भीती त्याची वाटते.

आता कुणी म्हणेल, "आणि प्रदूषणाचं काय गं?" बरोबर आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा आलं. १९९४ च्या इंजिनाला कितीही लाड केले तरी ते त्या नियमात बसणार नाही. म्हणून ती रोज पळवा असं मी म्हणत नाही. नोझल आणि पंप नीट केले की काळा धूर नक्की कमी होतो, पण नवी गाडी ती नवीच. ज्या गाडीची चासीच सडलीय ती खुशाल स्क्रॅपला द्या. २०२१ मध्ये त्यासाठी धोरणही आलंय. माझा आग्रह एवढाच की निर्णय तपासून घ्या. वय बघून गाडी फेकणं आणि वय बघून रंग मारणं, दोन्ही आळसच!

शेवटचा मुद्दा आपल्या सर आणि मॅडमसाठी, आणि तो मी हात जोडून मांडते. आपल्या वर्कशॉपमागे कॉलेजची जुनी पिकअप उभी आहे. तिला भंगारात काढणार अशी चर्चा आहे. बाहा एसएई इंडियासारख्या स्पर्धा २००७ पासून आहेत आणि त्यांचा मला अभिमानच आहे, पण त्या टीममध्ये मोजकीच मुलं असतात. बाकीच्यांनी काय फक्त फिटिंगचा चौकोनी जॉब घासायचा? ती पिकअप सेकंड इयरला द्या. मेकॅनिकलने इंजिन घ्यावं, इलेक्ट्रिकलने वायरिंग, सिव्हिलवाल्यांनी चासीचं लोड कॅल्क्युलेशन. आठवड्यातून एक दिवस बाहेरच्या मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवा, आणि त्यांना खुर्ची स्टाफरूममध्ये द्या. गाडी रस्त्यावर आली नाही तरी चालेल. कॅम्पसमध्ये मेसचा भाजीपाला आणि झाडांना पाणी वाहिलं तरी पुष्कळ झालं.

आमच्या घरच्या गाडीचा फिटनेस होईल की नाही, मला अजून माहीत नाही. नाही झाला तर ती शेडमध्ये राहील किंवा जाईल. पण तेव्हा का जातेय ते पप्पांनाही माहीत असेल आणि मलाही. कॉलेजच्या पिकअपला निदान एवढी संधी मिळावी. टेंडर निघायच्या आत कुणीतरी एकदा तिचं बोनेट तरी उघडा. मी पाना घेऊन तयार आहे. अजून कोण येतंय?