तुझा जन्म पूर्ण दिवसांनी झाला होता का?

पंचविशीतला तरुण दोन जिने चढून धापा टाकतो. दवाखान्यात त्याला ठरलेले प्रश्न येतात: सिगारेट ओढतोस का, घरात कुणाला दमा आहे का, काम धुळीत आहे का? तिन्हींना 'नाही' म्हटलं, तरी बऱ्याचदा दम्याचा पंप हातात पडतो. जन्म कितव्या आठवड्यात झाला, हे विचारणारा डॉक्टर विरळाच. माझ्या मते हा प्रश्न सिगारेटच्या जोडीला बसायला हवा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं श्वास सोडताना मिटून जातात, कारण ती उघडी ठेवणारं सरफॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं. 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच कारणाने दोन दिवसही जगला नाही. तो साडेपाचच आठवडे आधी जन्मला होता. पुढे 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड देण्याचा फायदा दाखवला. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाळाच्या श्वासनलिकेत थेट सरफॅक्टंट सोडलं. आता अठ्ठावीस आठवड्यांची बाळंही काचेच्या पेटीतून घरी जातात.

घरी गेली की आपण सुटलो, असं पालकांना वाटतं. पण ब्रिटन-आयर्लंडमध्ये 1995 साली सव्वीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा अकराव्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणारी चाचणी, सदोष निघाली. एकोणिसाव्या वर्षीही ती बरोबरीच्यांच्या मागेच होती. फुप्फुसाची ताकद विशी-पंचविशीत शिगेला पोचते आणि मग सगळ्यांचीच उतरते. ज्यांची शीगच खाली, त्यांना सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, धोका लवकर गाठू शकतो. सिगारेट ओढली तर आणखी लवकर.

सगळ्यांचंच असं होतं असं नाही. यातली कित्येक मुलं मैदान गाजवतात, आणि जितके दिवस अधिक भरलेले, तितका धोका कमी. पण भारतात 2020 या एका वर्षात सुमारे तीस लाख बाळं वेळेआधी जन्मली. ती मोठी झाल्यावर त्यांना तपासणार कोण? बालरोगतज्ज्ञांचं काम तोवर संपलेलं असतं आणि पुढच्या डॉक्टरला काहीच ठाऊक नसतं.

म्हणून डिस्चार्जचा कागद फेकू नका. किती आठवडे, व्हेंटिलेटरवर किती दिवस, ऑक्सिजन कधीपर्यंत, हे त्यावर असतं. मूल अठरा वर्षांचं झालं की तो त्याच्या हाती द्या आणि एकदा स्पायरोमेट्री करून घ्या.