आधी शॉक उघडा, मग पाकीट

मोठ्या रेडिओ कंट्रोलच्या (आरसी) गाड्यांच्या बाजारात 'वरची ट्रिम' म्हणून जे खपवलं जातं, त्यातला बराचसा भाग नुसता देखावा आहे. हे मी तंजावरहून लिहितो आहे. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे २८ जानेवारीला बंद होतात आणि १२ जूनला उघडतात. मधल्या महिन्यांत वेण्णार आणि कोळ्ळिडम नद्यांची पात्रं कोरडी पडतात आणि आमच्याकडची पोरं तिथे गाड्या पळवतात. बाकीच्या वेळी वल्लमचा लाल जांभ्या मुरमाचा माळ असतोच. या जमिनीवर गाडीची खरी जात कळते. इथे सगळ्यात आधी हार खातो तो शॉक, म्हणजे चाकांचे धक्के गिळणारा भाग. मोटर नंतर जळते, गिअर नंतर झिजतात. आणि विकणारे मात्र सगळ्यात कमी बोलतात ते शॉकबद्दलच.

ट्रिम म्हणजे काय ते नीट बघा. सांगाडा तोच, बहुतेक वेळा मोटर तीच, डिफरन्शियलचा आराखडाही तोच. बदलतं काय? सर्व्हो, काही धातूचे भाग, चाकं, बॉडीचा रंग आणि कधीकधी शॉक. ट्रॅक्सास कंपनीची एक्स-मॅक्स २०१५ मध्ये आली, आधी ६एस (सहा सेलच्या बॅटरीची) आणि मग ८एस. आर्मा कंपनीच्या क्रेटन ८एसची साधी आवृत्ती आहे आणि मजबूत भागांची ईएक्सबी आहे. असे भेद करायला माझी हरकत नाही. ज्याच्याकडे रेडिओ, मोटर, बॅटरी आधीच आहे त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सशिवायचा रोलर हा तर प्रामाणिक सौदा आहे. माझा राग आहे तो नावाची किंमत लावण्यावर आणि भागांची यादी लपवण्यावर. शॉकची बॉडी प्लास्टिकची की अ‍ॅल्युमिनियमची, शाफ्ट किती जाडीचा, पिस्टनला भोकं किती, हे विचारलं की दुकानदार डबा फिरवून बॉडीवरचा रंग दाखवतो. हा ग्राहकाचा अपमान आहे आणि तो आपण निमूट सहन करतो.

शॉक काय करतो हे ज्याला कळलं, त्याला कुणी फसवू शकत नाही. तंजावरची गोल बुडाची बाहुली घ्या. बूड जड, म्हणून ढकलली की ती परत उभी राहते. पण उभी राहायच्या आधी किती वेळ डोलत राहते! तिला परत आणणारं वजन आहे, डोलणं थांबवणारं काही नाही. गाडीत स्प्रिंग परत आणते आणि पिस्टनच्या भोकांतून जाणारं तेल डोलणं थांबवतं. नुसती कडक स्प्रिंग घालून 'शॉक अपग्रेड केला' म्हणणाऱ्याने ती बाहुलीच विकत घेतली आहे.

आता आकडे. ८एस म्हणजे आठ सेल, २९.६ व्होल्ट. एवढ्या ताकदीने नऊएक किलोची गाडी दोन मीटर वर उडणं काहीच नाही. तिथून पडताना ती ताशी बावीस किलोमीटरच्या पुढे वेगाने जमिनीवर येते. ती सगळी ऊर्जा चार शॉकनी काही सेंटिमीटरच्या हालचालीत गिळायची असते. पिस्टनची भोकं फार लहान असतील तर त्या वेगाला तेल पलीकडे जाऊच शकत नाही. शॉक क्षणभर लोखंडाच्या कांबीसारखा घट्ट होतो आणि धक्का थेट चाक धरणाऱ्या ए-आर्मला आणि शॉक जिथे बसतो त्या टॉवरला जातो. मग आर्म तुटतो आणि पोरगा म्हणतो, 'प्लास्टिक हलकं आहे, अ‍ॅल्युमिनियमचा आर्म घ्यायला हवा.' दोष आर्मचा नव्हताच. मोठी भोकं आणि त्यांना साजेसं जाड तेल, एवढ्यावर काम झालं असतं.

तेलाच्या बाबतीत तर निव्वळ अंधार आहे. बाटलीवर जाडीसाठी 'डब्ल्यूटी' लिहिलेलं असतं. एका कंपनीचं ४० दुसऱ्या कंपनीच्या ४० सारखं असेलच असं नाही. खरं माप सेंटिस्टोकचं, आणि तेही साधारण २५ अंशांना मोजलेलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीजवळ जातो, वर गाडी पळून शॉक तापलेला. सिलिकॉन तेल पातळ होतंच. थंड देशातल्या माणसाने सुचवलेलं तेल इथे जसंच्या तसं ओतणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. इथे एक पायरी जाड तेल घ्या, आणि गुडघ्याच्या उंचीवरून गाडी सपाट सोडून बघा. ती खाली बसली पाहिजे, उसळी मारता कामा नये.

आणि धूळ. लाल मुरमाची बारीक पूड शाफ्टला चिकटते, सीलमधून आत जाते, ओ-रिंग खाते. महागडा अ‍ॅल्युमिनियम शॉकही इथे चांगल्या सीलवाचून गळतो. म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी ताजं तेल आणि योग्य पिस्टन, मग नवे सील आणि शाफ्टवर रबरी टोप्या, मग जाड शाफ्ट आणि न निसटणाऱ्या कॅप, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. अ‍ॅल्युमिनियमचं मोल आहे. त्याचे आटे लवकर जात नाहीत, बॉडी दाबाखाली फुगत नाही. पण ते सीलचं काम करत नाही.

यात सरकारचंही माप पदरात घालायला हवं. सीमाशुल्काच्या ज्या शीर्षकात बाहुल्या आणि कोडी येतात, त्यातच चालती 'प्रतिकृती मॉडेल्स' बसवली आहेत. खेळण्यांवरचा कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेला, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. ७० टक्के म्हणजे परदेशातला दोन ट्रिममधला शंभर डॉलरचा फरक इथे येईपर्यंत एकशे सत्तर होतो, वाहतूक आणि बाकीचे कर वेगळे. रंगाच्या एका थरासाठी मध्यमवर्गीय बापाने हे पैसे मोजायचे? इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतःच्या हातांनी शॉक खोलावा, हवेचे बुडबुडे काढावेत, पिस्टनला भोकं पाडून बघावीत, हे शिक्षण कितीतरी स्वस्त आहे आणि त्यातून खरा अभियंता घडतो. त्याऐवजी आपण त्यांना डब्यावरचं नाव वाचायला शिकवतो.

तेव्हा गाडी घ्यायला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. शॉकचे सील सुटे मिळतात का? पिस्टनचे वेगवेगळे संच आहेत का? तेलाचं माप सेंटिस्टोकमध्ये सांगता का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर साधी ट्रिम घ्या आणि उरलेले पैसे या तीन गोष्टींवर घाला. एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर वरची ट्रिम निम्म्या किमतीत देत असले तरी दुकानातून बाहेर पडा. ज्याला गाडी फक्त विकायची आहे, चालती ठेवायची नाही, त्याला आपला एक रुपयाही मिळता कामा नये.