घरचा अभ्यास : डोक्यावरचा बारीक आकडा

आठवीतल्या मुलाला विचारा, २ चा ३ रा घात किती? बरीच मुले पटकन ६ सांगतात. बे त्रिक सहा जिभेवर बसलेले असते ना! पालकहो, अशा वेळी त्याला मठ्ठ म्हणू नका. मुलगी असेल तर 'हिला गणित जमायचे नाही' असे तर मुळीच म्हणू नका. तेवढ्या एका वाक्याने तिची वही कायमची मिटते. आणि 'आम्ही चौथी शिकलेले, आम्हाला काय कळणार' म्हणणाऱ्या आई-वडिलांनीही आज पाळीवरून आल्यावर थोडा वेळ मुलांजवळ बसावे, अशी आमची विनंती आहे.

खालचा मोठा आकडा तो पाया. त्याच्या डोक्यावर उजवीकडे बारीक लिहिलेला तो घातांक. पाया किती वेळा मांडून गुणायचा, एवढेच घातांक सांगतो. म्हणून २ चा ३ रा घात म्हणजे २ × २ × २ = ८.

आता रद्दीतला एक कागद घ्या. मधोमध एक घडी घातली की २ पदर, दुसरी घातली की ४. आणखी ३ घड्या घाला. त्या ३ घड्यांनी प्रत्येक पदराचे ८ झाले, म्हणजे ४ × ८ = ३२ पदर. एकूण घड्या ५, आणि २ चा ५ वा घात ३२ च. पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, ती ही अशी. पाया मात्र तोच राहतो. काही मुले पायाही गुणून ४ चा ५ वा घात लिहितात. तो होतो १०२४!

दोन घड्या उलगडा. ३ उरल्या, पदर ८. भागाकारात घातांक वजा होतात. सगळ्याच घड्या उलगडल्या तर? घड्या शून्य, पण कागद एक आहेच. म्हणून २ चा शून्यावा घात शून्य नव्हे, १. शून्य सोडून कोणताही पाया घ्या, हेच उत्तर येते.

दहाचा पाया तर घरातल्या आजीलाही ठाऊक असतो. शंभर लाखांचा एक कोटी. शंभराची शून्ये २, लाखाची ५, कोटीची ७. आजीने घातांकांची बेरीजच केली की!

घाताचा घात असेल तर मात्र घातांक गुणायचे. २ च्या ३ ऱ्या घाताचा वर्ग म्हणजे ८ × ८ = ६४, आणि तो २ चा ६ वा घात.

गुण जातात ते बेरजेत. २ चा ३ रा घात अधिक २ चा ४ था घात म्हणजे ८ + १६ = २४. सवयीने ७ वा घात लिहिला तर १२८ होतील. बेरजेला असा नियमच नाही. कंसाकडेही लक्ष हवे : कंसात −३ लिहून वर्ग केला तर ९, कंस नसेल तर −९.

या आठवड्याचे गणित : ३ चा ४ था घात गुणिले ३ चा २ रा घात, भागिले ३ चा ५ वा घात. उत्तर ३ यायला हवे. मूल ८१ ला ९ ने गुणत बसले, तर कागदाच्या घड्या पुन्हा एकदा घालायला लावा.